सात दिवसांची भिंत

मुंबईत प्रदर्शन मंगळवारी लागतं आणि सोमवारी उतरतं. निदान जहांगीर आर्ट गॅलरीत तरी असंच आहे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी चित्रकारांचा आठवडा त्यामुळेच मंगळवारी सुरू होऊ लागला. सोमवारी संध्याकाळी दालनातले दिवे अजून चालू असतात, शेवटचे एक-दोन पाहुणे रेंगाळत असतात आणि मागे चित्रकाराच्या घरच्यांनी चित्रं उतरवून बबल रॅपमध्ये गुंडाळायला घेतलेली असतात. खाली टेम्पोवाला घाई करत असतो. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तीच भिंत दुसऱ्याची झालेली असते.

या पुस्तकातले लेख अशा उतरलेल्या प्रदर्शनांवरचे आहेत. ज्या चित्रांबद्दल त्यांत लिहिलं आहे, त्यांतली काही आता कुणाच्या दिवाणखान्यात, काही एखाद्या कंपनीच्या लॉबीत आणि बरीचशी चित्रकाराच्याच माळ्यावर भिंतीकडे तोंड करून टेकवलेली आहेत. वाचकाला ती बहुधा पाहायला मिळणार नाहीत. मग हे छापायचं कशाला, असं प्रकाशकांनी तोंडाने विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न होता. ही प्रस्तावना लांबली ती त्यामुळे. नाटकाचा प्रयोग संपला तरी संहिता हाती राहते, मैफलीचं ध्वनिमुद्रण राहतं. चित्रंही राहतात, पण प्रदर्शन राहत नाही. कोणतं चित्र कशाशेजारी लावलं होतं, उजेड कुठून पडत होता, कोण आलं, कोण दारापर्यंत येऊन परत गेलं, याची नोंद कुठेच होत नाही. या शहरातल्या कलेबद्दल मला जे काही उमगलं ते चित्रांइतकंच या गोष्टींवरून. मुंबईच्या कलेचा इतिहास शैलींच्या अंगाने पुष्कळांनी लिहिला आहे. तो जागेच्या अंगानेही लिहायला हवा, कारण इथे सगळ्यांत महाग वस्तू रंग नाही, कॅनव्हास नाही, भिंत आहे.

जहांगीरची भिंत मिळवण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि मग वाट पाहावी लागते. काही महिने नव्हे, काही वर्षं. अर्ज करताना चित्रकार एका शैलीत काम करत असतो आणि तारीख येईपर्यंत दुसऱ्याच शैलीत पोचलेला असतो. सांगली, अमरावती, नांदेड, सावंतवाडी इथला कलाशिक्षक हा आठवडा मिळाला की रजा शिल्लक ठेवू लागतो, फ्रेमवाल्याशी उधारीचं बोलून ठेवतो आणि डोंबिवली-बदलापूरच्या नातेवाइकांना कळवतो. उद्घाटनाला गावचा आमदार येईल की जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे जुने सर येतील, यावर घरात खल होतो. पहिले दोन दिवस गर्दी असते, ती ओळखीच्यांची. बुधवारनंतर तो खुर्चीवर बसून राहतो, आत येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहावं की न पाहावं हे त्याला ठरवता येत नाही. येणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, समोरच्या संग्रहालयातून थकून आलेलं एखादं कुटुंब असतं, दुपारच्या उन्हातून थंडाव्याला आलेला विक्रेता असतो. चित्राशेजारी लाल ठिपका लागला म्हणजे ते विकलं गेलं. सात दिवसांत एकही लाल ठिपका न लागलेली प्रदर्शनं मी पाहिली आहेत, आणि त्यांतली काही त्या वर्षातली चांगली प्रदर्शनं होती. शेवटी अभिप्रायाची वही उरते. तिच्यात 'खूप छान', 'ऑसम', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' आणि मधूनच कुणीतरी मन लावून लिहिलेला एक परिच्छेद. त्या परिच्छेदासाठी माणसं पुन्हा अर्ज करतात.

ही इमारत १९५२ साली उभी राहिली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ देणगी दिली. चित्रकार हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यांच्यामागे लकडा लावला होता. त्याआधी शहरात चित्रं लागत नव्हती असं नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून वार्षिक प्रदर्शनं भरवत होती, १८५७ साली सुरू झालेलं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट तिला चित्रकार पुरवत होतं. रावबहादूर धुरंधरांचं 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे आत्मकथन वाचलं की त्या जगाची घडण कळते: पदकं, गव्हर्नरसाहेबांची भेट, युरोपियन परीक्षकांची मर्जी. अमृता शेरगिलला याच सोसायटीने १९३७ मध्ये सुवर्णपदक दिलं. पण हे सगळं वार्षिक होतं, सभासदांचं होतं आणि परीक्षकांनी निवडलेलं होतं. एखाद्याने स्वतःच्या जबाबदारीवर भिंत भाड्याने घ्यावी आणि हवं ते लावावं, ही सोय नव्हती.

ती सोय आधी केली एका फ्रेमवाल्याने. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये 'केमोल्ड' नावाने फ्रेम बनवण्याचा धंदा सुरू केला. नावात केमिकल आहे आणि मोल्डिंग आहे, कलेचा मागमूस नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानात फ्रेम दाखवायला आत काहीतरी चित्र हवं म्हणून हेब्बर, आरा, हुसेन अशा मंडळींची चित्रं लागू लागली. गिऱ्हाईक येई चौकटीसाठी आणि मधल्या चित्राकडे पाहू लागे. आधुनिक भारतीय चित्रकलेला मुंबईत मिळालेल्या पहिल्या जागांपैकी ही एक, हे मला फार आवडतं. त्यात थोरामोठ्यांचा आव नाही.

त्याच सुमारास, १९४७ मध्ये, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. या सहा नावांची जपमाळ आता इतकी ओढली गेली आहे की माणसं दिसेनाशी झाली आहेत. म्हणून एवढंच सांगतो की हुसेन पंढरपूरला जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवणारे, सूझा गोव्यातल्या साळगावचे आणि जे.जे.तून काढून टाकलेले, गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, आरा हैदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणी मुंबईला येऊन घरकामाला राहिलेले. यांना चित्रं लावायला आणि बोलायला जागा दिली ती नाझींपासून पळून मुंबईत आलेल्या काही युरोपियनांनी: टाइम्सचे कलासंचालक लँगहॅमर, समीक्षक रूडी फॉन लायडन, संग्राहक श्लेसिंगर. ग्रुपचं पहिलं प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात झालं आणि मुल्कराज आनंद यांनी त्याचं उद्घाटन केलं. थोड्याच काळात ग्रुप पांगला. सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला. पण ज्या रस्त्यावर ते प्रदर्शन झालं, त्याच्या आसपासच पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं शहराची चित्रकला घुटमळत राहिली. काळा घोडा ते कुलाबा हा टापू चालून जायला अर्धा तास लागत नाही.

१९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी उघडली. दालन लहान होतं, पण तिथे घडलेल्या दोन गोष्टी मी या पुस्तकाच्या पाठीशी धरतो. पहिली १९७५ ची. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर जात होते, तिथे लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. कुलकर्ण्यांनी तिथे कागद नेला आणि जिव्या सोमा म्हसे हा पुरुष, जो विधीपुरतं न थांबता रोजच चित्रं काढत होता, त्यांना भेटला. म्हसे यांची चित्रं केमोल्डमध्ये लागली. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे: पद्मश्री मिळाली, परदेशातली प्रदर्शनं झाली आणि वारली आकृत्या पडद्यांवर, कपांवर, रेल्वेच्या भिंतींवर पसरल्या. लग्न उरकलं की पुसट होत जाणारी भिंत केमोल्डमध्ये येऊन टिकाऊ झाली, विकाऊही झाली. यातलं मिळालं काय आणि गेलं काय, याचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही. मीही नाही.

दुसरी गोष्ट १९९२ ची आणि बरोब्बर उलट दिशेची. नलिनी मलानी यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स' या प्रदर्शनात केमोल्डच्या भिंतींवरच थेट चित्रं काढली. विकत घेण्यासारखं काही नव्हतं. प्रदर्शन संपलं आणि भिंतींना चुना लागला. वर्षाच्या अखेरीस शहरात दंगली सुरू झाल्या. त्या भिंती पाहिलेली माणसं त्यांच्याबद्दल बोलताना आजही हातवारे करतात, कारण दाखवायला त्या भिंती उरल्या नाहीत.

केमोल्ड २००७ मध्ये फोर्टात प्रेस्कॉट रोडला गेली. जहांगीरमधलं, खालचं समोवार, उषा खन्नांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं ते अरुंद, लांबट कॅफे, २०१५ मध्ये बंद झालं. समोवारबद्दल गळा काढून पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझा गळा तितका दाटत नाही. तिथे चहावर तास काढता येत असे हे खरं, पण दारातून आत डोकावून 'इथे आपलं काम नाही' असं समजून परतणारे कलाविद्यार्थीही होते आणि त्यांनी बाहेरच्या फुटपाथवर चहा पिऊन जी चर्चा केली तीही कलाविश्वाचाच भाग होती. त्या फुटपाथवर आजही माणसं पाच-दहा मिनिटांत तुमचं पोर्ट्रेट काढून देतात. आत आठवडाभर खुर्चीवर बसलेल्या चित्रकारापेक्षा त्यांना गिऱ्हाईक जास्त असतं.

भिंतीवर काय लावायचं हे कोण ठरवणार, हा झगडा मात्र भिंतीइतकाच जुना. १९५४ मध्ये पॅरिसहून परतलेल्या अकबर पदमसी यांचं प्रदर्शन जहांगीरमध्ये लागलं. 'लव्हर्स' मालिकेतल्या दोन चित्रांवर पोलिसांनी अश्लीलतेचा आक्षेप घेतला. चित्रं उतरवली असती तर प्रकरण मिटलं असतं. पदमसींनी ती उतरवली नाहीत, खटला लढवला आणि जिंकला. गॅलरीला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. तो निकाल उलट लागला असता तर पुढे त्या भिंतींवर काय काय लागलं नसतं याची कल्पना करून पाहावी. हुसेन यांच्या मुंबईतल्या घरावर १९९८ मध्ये झालेला हल्ला आणि त्यांचं अखेरचं परागंदा आयुष्य हा याच प्रश्नाचा पुढचा अध्याय, पण तो न्यायालयात सुटला नाही.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, रीगलच्या चौकात आहे, तेही उसन्या जागेत. १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल मैफलींसाठी आणि सभांसाठी बांधलेला. नवी वातानुकूलित सभागृहं आल्यावर त्याला कुणी विचारेना आणि तिथे मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ, चामड्याच्या कपड्यांचे सेल असं सगळं होऊ लागलं. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि पुन्हा केकू गांधी यांनी तिथे संग्रहालय व्हावं म्हणून पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये ते उघडलं. आत गोलाकार चढत जाणारे मजले आहेत. सर्वांत वर, घुमटाखाली, आवाज घुमतो आणि चित्राकडे पाहताना खालच्या मजल्यावरची कुजबुज कानावर येते. मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन तिथे पाहणं हा चालण्याचाही अनुभव असतो. चित्रकाराचं तरुणपण तळमजल्यावर असतं आणि उत्तरायुष्य गाठेपर्यंत पाहणाऱ्याचे गुडघे बोलू लागलेले असतात.

तिथेच ८ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. पालेकर जे.जे.चे, चित्रकार म्हणूनच सुरुवात केलेले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाली आणि इथे काय दाखवायचं हे आता दिल्लीत ठरणार, अशी चिंता ते मांडू लागले. त्यांना मध्येच थांबवलं गेलं, पुन्हा थांबवलं गेलं, बरव्यांबद्दलच बोला असं सांगितलं गेलं. ती चित्रफीत त्या आठवड्यात घरोघर पोचली. बरव्यांची चित्रं मात्र पोचली नाहीत, आणि मला खंत याची वाटते. मराठीत 'कोरा कॅनव्हास' लिहून चित्र काढण्याच्या क्रियेबद्दल इतकं नितळ गद्य देणारा माणूस. त्याचं एवढं मोठं प्रदर्शन शहरात भरलं होतं आणि आपण सगळे मोबाइलवर भाषणाचा व्हिडिओ पाहत होतो. (पालेकरांचा मुद्दा रास्त होता, याबद्दल दुमत नको. पण दोन्ही करता आलं असतं.)

मराठी वाचक आणि ही दालनं यांच्यातल्या अंतराबद्दल मला इथे थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण पुस्तक लिहिण्याचं खरं कारण तेच. कुलाब्यातल्या बहुतेक खासगी गॅलऱ्या जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत किंवा गल्लीच्या आत एखाद्या गोदामवजा जागेत. बाहेर पाटी असली तर वहीच्या पुठ्ठ्याएवढी. लाकडी जिना, बंद दार, बेल. बेल वाजवल्यावर दार उघडणारी मुलगी नम्र असते, तिकीट नसतं, 'काय हवंय' असं कुणी विचारत नाही. तरीही ती बेल वाजवायला हात उचलत नाही. शहरात कितीतरी सुशिक्षित, नाटकवेडी, गाण्याला दोन तास प्रवास करून जाणारी मराठी माणसं आहेत, ज्यांनी आयुष्यात ही बेल वाजवलेली नाही. शिवाजी मंदिरात जाताना त्यांना असं वाटत नाही, पृथ्वीला जाताना वाटत नाही. आत गेल्यावर इंग्रजीत छापलेली टीप हातात मिळते, जी कित्येकदा इंग्रजी जाणणाऱ्यालाही कळत नाही, आणि चित्राच्या किमतीचा कागद मागितल्याशिवाय मिळत नाही. आपण विकत घेणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. मग पाहुणा उगाच पाच मिनिटं एका चित्रासमोर उभा राहतो आणि निघतो.

दोष सगळा गॅलऱ्यांचा नाही. मराठीत दृश्यकलेवर लिहिणारे द. ग. गोडसे होते, संभाजी कदम होते, बरवे होते. सतीश नाईक यांनी 'चिन्ह'चे अंक काढले आणि गायतोंडे यांच्यासारख्या अबोल चित्रकाराला मराठी घरात आणलं. सुहास बहुळकर, दीपक घारे यांच्यासारख्यांनी चित्रकार-शिल्पकारांच्या चरित्रकोशाचं जिकिरीचं काम पार पाडलं. पण हे सगळं कोश, विशेषांक आणि ग्रंथ. मंगळवारी लागलेल्या प्रदर्शनाबद्दल शुक्रवारी वाचायला मिळावं, म्हणजे शनिवारी-रविवारी जाता यावं, असं लिखाण वर्तमानपत्रांतून आटत गेलं. नाटकाला मराठीत अजून परीक्षण मिळतं. प्रदर्शनाला बातमी मिळते, तीही उद्घाटक प्रसिद्ध असला तर.

आणि भिंतीवर कोण असतं ते पाहिलं की हे अंतर अधिक टोचतं. सुधीर पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत आणि उरल्या वेळात चित्रं काढत. लोकलमधली माणसं, इराण्याकडे एकटाच बसलेला कामगार, पूल, खाडी, वाढत जाणारं ठाणं. २००१ च्या त्यांच्या 'लोअर परळ' या चित्रात गिरण्यांचा तो परिसर अगदी बदलण्याच्या उंबरठ्यावर दिसतो. २०१९ च्या अखेरीस त्यांचं मोठं प्रदर्शन एनजीएमएमध्ये भरलं. तिथे मी जेवढा वेळ काढला त्यातला बराचसा भिंतीवरची माणसं आणि समोरची माणसं यांची तुलना करण्यात गेला. भिंतीवरची माणसं चर्चगेटला उतरून नोकरीवर जात होती. ती या दारातून आत येण्याचा संभव फार कमी होता. पटवर्धनांना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून नेलं. गॅलरीचं दार उघडत नसेल तर चित्रांनीच बाहेर पडावं, एवढा साधा विचार.

त्यांच्यानंतरच्या पिढीत भिंतीवरची माणसं स्वतःच ब्रश हातात घेऊन आली. २०१० मध्ये कुलाब्याच्या क्लार्क हाउसमध्ये सुरू झालेल्या उपक्रमाभोवती जे तरुण जमले त्यांत चंद्रपूरच्या कोळसाखाणींच्या परिसरातून आलेला प्रभाकर पाचपुते होता, चाळीत वाढलेला अमोल पाटील होता. पाचपुतेचं 'कॅनरी इन अ कोल माइन' हे प्रदर्शन तिथेच झालं. खाणमजुरांची त्याची कोळशाने काढलेली चित्रं पुढे जगभर गेली. अमोल पाटीलचे आजोबा पोवाडे करणारे, वडील नाटकं लिहिणारे आणि महापालिकेत नोकरी करणारे. त्या घरातलं साहित्य, चाळीचा बोळ, सफाई कामगारांची हालचाल त्याच्या कामात येते, आणि २०२२ मध्ये कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात ते काम मांडलं गेलं. विक्रोळीचा विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचे मोर्चे आणि माणसं रंगवतो. या तिघांबद्दल पुस्तकात स्वतंत्र लेख आहेत, त्यामुळे इथे थांबतो. मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. यांच्यापैकी कुणाच्याही कामाची ओळख मला पहिल्यांदा मराठी छापील मजकुरातून झाली नाही.

जागा वेगळी मिळाली की पाहणारे वेगळे येतात, याचे पुरावे शहरात आहेत. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, महापालिकेचं. डागडुजी होऊन २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि तिथे समकालीन कलावंतांना बोलावण्याची प्रथा पडली. जितीश कल्लाटने २०११ मध्ये त्या हिरव्या-सोनेरी दालनात बांबूची परांची उभी आहे असं भासणारं शिल्प मांडलं. दुरुस्ती अजून संपलीच नाही की काय, अशी कुणाचीही फसगत व्हावी. अतुल डोडिया यांनी २०१४ मध्ये '७००० म्युझियम्स' हे प्रदर्शन तिथल्या जुन्या वस्तूंच्या सोबतीने उभं केलं. राणीच्या बागेत पेंग्विन पाहून झाल्यावर सहकुटुंब आलेली मंडळी मातीच्या बाहुल्यांतले कोळी, कोष्टी पाहता पाहता अशा मांडण्यांसमोरही येऊन ठेपतात. कुणी बेल वाजवायला सांगत नाही. बाजूच्या आवारात खरा काळा घोडाही उभा आहे. १९६५ मध्ये तो त्याच्या चौकातून इथे हलवला गेला, आणि नाव मात्र तिकडेच राहिलं. २०१७ मध्ये तिकडे दुसरा घोडा बसवला गेला, स्वाराविना.

त्या चौकात १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवसांचा महोत्सव होतो. तो म्हणजे सेल्फीचा बाजार, अशी तक्रार जाणकार दरवर्षी न चुकता करतात. गर्दीत उभं राहवत नाही हे मान्य. पण कल्याणहून मैत्रिणींसोबत आलेली मुलगी एखाद्या मांडणीसमोर फोटो काढताना ती मांडणी कशाची आहे हे मागे वळून वाचते, ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. २०१७ मध्ये ससून डॉकमध्ये 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने प्रदर्शन भरवलं तेव्हा मासळीच्या वासातून, ओल्या फरशीवरून, पाट्या वाहणाऱ्या कोळणींना वाट देत लोक आत गेले. कोळणी आपल्याच फोटोंखालून जा-ये करत होत्या. त्यातली काही कामं साधारण होती, पण जागेने त्यांना सांभाळून घेतलं.

आणि गणपती? लालबाग-परळच्या मंडपात उभी राहणारी सजावट, तिच्यासाठी राबणारे मूर्तिकार, कलादिग्दर्शक, थर्माकोल बंद झाल्यावर शोधलेली नवी साधनं, दहा दिवसांनी सगळं उतरवणं. या शहरात सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली मांडणी तीच असते. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी विकायला असलेली चित्रं, पुतळे, दिनदर्शिका हेही प्रदर्शनच आहे, आणि तिथे लाल ठिपक्याची वाट पाहावी लागत नाही. कलासमीक्षकाने यांच्याकडे समाजशास्त्र म्हणून पाहायचं आणि कुलाब्याकडे कला म्हणून, हा शिरस्ता मला पटत नाही. या पुस्तकात दोन्हीवर लेख आहेत. मंडपावरचा लेख परीक्षणासारखाच लिहिला आहे, म्हणजे जिथे काम फसलं तिथे फसलं असं म्हटलं आहे.

पैशाबद्दल न लिहून चालणार नाही, पण त्यात रमावंसं वाटत नाही. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं १९५४ चं 'ग्रामयात्रा' सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं आणि वर्तमानपत्रांना पहिल्या पानावर चित्र छापण्याचं निमित्त मिळालं. ते चित्र कित्येक दशकं ऑस्लोच्या एका रुग्णालयात होतं. इकडे २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' हा मेळा भरू लागला. त्याच वर्षी वांद्रे-कुर्ला संकुलात नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र उघडलं. दालन प्रशस्त, प्रकाशयोजना निर्दोष, परदेशी नावं. जे.जे.लाही २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे भिंती वाढल्या आहेत. सांगलीच्या कलाशिक्षकाची जहांगीरची रांग मात्र त्यामुळे कमी झालेली नाही, कारण या नव्या भिंतींसाठी अर्ज करण्याची सोय नाही. तिथे बोलावणं यावं लागतं.

काही भिंती तर शहराबाहेरच मिळाल्या. मुंबईच्या दृश्यसंस्कृतीवरचं एक मोठं प्रदर्शन २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये झालं. 'सेंच्युरी सिटी' या नऊ शहरांवरच्या प्रदर्शनातला मुंबईचा विभाग गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी रचला होता. आणि मुंबईत शिकलेले बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू यांनी २०१२ मध्ये द्वैवार्षिक कलाप्रदर्शन सुरू केलं ते कोचीत. तिथे समुद्रकाठची जुनी गोदामं मिळाली. आपल्याकडेही गोदामं होती, गिरण्या होत्या.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. छायाचित्रणाच्या प्रदर्शनांना मी न्याय दिलेला नाही, शिल्पांवर दोनच लेख आहेत आणि व्हिडिओ कलेबद्दलचे लेख मला स्वतःलाच अपुरे वाटतात. कलावंतांच्या मुलाखती टाळल्या आहेत, कारण बहुतेक कलावंत कामाबद्दल बोलताना टिपेतली इंग्रजी मराठीत आणतात. लेखांचा क्रम तारखेचा नसून जागांचा आहे: आधी जहांगीर, मग कुलाब्याचे जिने, भायखळा, गोदी, मंडप. प्रत्येक लेखाखाली प्रदर्शन कुठे लागलं आणि कधी उतरलं ते दिलं आहे. त्या जागा बहुतेक अजून तिथेच आहेत. जहांगीरला प्रवेश विनामूल्य आहे, दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास गर्दी कमी असते, आणि कुलाब्यातल्या त्या दारांवरची बेल उजव्या हाताला, जरा खालच्या बाजूला असते. गुरुवारी जावं. चित्रकार तेव्हा एकटा असतो आणि बोलतो.